हनुवटीवरचे ठिपके आणि भाड्याचा ब्रश

मी लग्न होऊन डहाणूला आले तेव्हा गावातली निम्मी माणसं मी आधी निगेटिव्हमध्ये बघितली. केस पांढरे, दात काळे, डोळ्यांच्या जागी दोन उजळ भोकं. नंतर तीच माणसं बाजारात समोर आली की ओळखायला मला दोन क्षण जास्त लागायचे, आणि नवी सून शिष्ट आहे अशी माझी ख्याती पसरली. ती मी अजून जपून ठेवली आहे.

सासऱ्यांचा डहाणू रोड स्टेशनजवळ फोटो स्टुडिओ होता. अजूनही आहे. आता तो मी चालवते आणि आमचे हे मागच्या खोलीत फ्रेमा बनवतात. सासरे निगेटिव्ह काचेच्या पेटीवर ठेवायचे, खालून दिवा लावायचे आणि सुईसारखं टोक केलेल्या पेन्सिलीनं त्यावरचे डाग भरायचे. मला शिकवताना त्यांचा एकच हट्ट होता. पेन्सिल टेकवण्याआधी प्रत्येक खुणेचं नाव तोंडानं सांगायचं. ही धूळ. हा ओरखडा. हा देवीचा व्रण. हा तीळ. नाव सांगता आलं नाही तर पेन्सिल खाली ठेवायची आणि माणसाला बोलावून विचारायचं. मी वीस-बावीस वर्षांची, मला वाटायचं हा म्हातारा मला उगाच बाराखडी म्हणायला लावतोय. एकदा कंटाळून मी एका गृहस्थाचा गालावरचा तीळ धूळ म्हणून भरून टाकला. सासऱ्यांनी ते बघितलं आणि फोटो तसाच पाकिटात घातला. दोन दिवसांनी गृहस्थ परत आले. "हा कोण, माझा भाऊ का?" त्यांनी विचारलं. सासऱ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं आणि चहा आणायला निघून गेले.

असे धडे माणूस विसरत नाही. निदान मला तसं वाटत होतं.

पुढे संगणक आला, आणि इथे माझी सोवळी मूर्ती कुणी मनात उभी करू नये म्हणून सांगून टाकते: त्या काळात आमच्या भागातल्या सगळ्या स्टुडिओंमध्ये फोटो सुधारायचं एकच सॉफ्टवेअर होतं आणि ते एकाच सीडीवरून आलेलं होतं. ती सीडी कुणी कुठून आणली हे कुणी विचारलं नाही. ती डहाणूहून तलासरीला गेली, तलासरीहून परत आली, मधे एकदा कुणाच्या तरी लेकीच्या हुंड्यात जायची राहिली. चोरीचा माल होता तो. मीही त्यातलीच. पण त्यात ब्रश होता, आणि तो ब्रश मी म्हणेन तिथेच लागायचा.

मग तो संगणक मेला, नव्या संगणकानं ती सीडी तोंडात घ्यायला नकार दिला, आणि नेमक्या त्याच वेळी वापीहून एक एजंट अवतरला.

चारोटीला हायवेवरच्या एका हॉटेलात त्यानं आम्हा डहाणू-तलासरीच्या फोटोग्राफरांची सभा बोलावली. सभा म्हणजे खरं तर जेवण होतं, त्याआधी फक्त एक तास सहन करायचा होता. एजंट मे महिन्यात कोट घालून उभा होता. यावरूनच मी त्याला ओळखायला हवं होतं. पडद्यावर एका सावळ्या नवरीचा फोटो आला. त्यानं बटण दाबलं आणि नवरी अशी गोरी झाली की नवरदेवानं घाबरून आपली कुठे आहे म्हणून शोधावी. सभागृहात पन्नाशीतल्या दणकट पुरुषांच्या तोंडून एक मऊ उसासा निघाला. मी तिथे एकटीच बाई होते आणि त्या उसाशाची मला लाज वाटली.

"मॅडम, आता ब्रश मारायचे दिवस गेले," एजंट मला म्हणाला. "एक क्लिक. डाग, सुरकुत्या, सगळं साफ."

"हे विकत केवढ्याला?"

"विकत मिळत नाही, मॅडम. सबस्क्रिप्शन आहे. दर महिन्याला."

"म्हणजे भाडं."

"भाडं नाही, सबस्क्रिप्शन."

"आणि थांबवलं तर?"

त्यानं माझ्याकडे खऱ्या काळजीनं बघितलं. "थांबवायचं कशाला?"

सासऱ्यांची पेन्सिल झिजायची, पण एक तारीख आली म्हणून हातातून उडी मारून दुकानदाराकडे परत जात नव्हती. हे मी तेव्हा मनात म्हटलं. तोंडानं काय केलं म्हणाल तर पहिले काही महिने फुकट आहेत असं ऐकल्यावर मी ह्यांच्या कार्डाचा नंबर लिहून दिला आणि गुलाबजाम घ्यायला उठले.

त्यानंतर उरलेला लग्नाचा हंगाम बघण्यासारखा होता. आमच्या तालुक्यात त्या वर्षी एकाच रंगाच्या नवऱ्या झाल्या. कोळ्यांच्या, भंडाऱ्यांच्या, आदिवासींच्या, गुजराती शेठच्या, सगळ्यांच्या मुली दुधात बुडवून काढलेल्या. नरपडच्या किनाऱ्यावर काढलेल्या जोडप्यांच्या मागे सुरूची झाडं होती आणि सुरूच्या मागे बर्फाचे डोंगर. त्या सॉफ्टवेअरला आमचं आभाळ आवडत नसे, ते बदलून द्यायचं. एका आजोबांनी मला विचारलं, हे डोंगर नेमके कुठल्या बाजूला आहेत, मी सत्तर वर्षं तिथेच मासे पकडतोय. मी त्यांना म्हटलं, भरती असली की दिसत नाहीत.

आपण हसतो आणि वाटतं की आपण त्यातले नाही.

पाऊस सरता सरता एक म्हातारा माझ्या दुकानात आला. तलासरीच्या पूर्वेला डोंगरात एक पाडा आहे, तिथून. थोडी भातशेती, थोडी नागली, बाकीचे दिवस मिळेल ते काम. खताच्या पिशवीत गुंडाळलेली एक फ्रेम त्यानं काउंटरवर ठेवली. आत त्याच्या बायकोचा फोटो होता, पुतण्याच्या लग्नात मांडवापुढे उभं करून काढलेला. बाई काही दिवसांपूर्वी वारली होती.

"हिचा एवढाच फोटो आहे, बाय," तो म्हणाला. "पंधरा दिवसांनी तिचा दिवस घालायचा. सगळीकडून पाव्हणे येतील. मोठा करून दे. आणि ही बुरशी तेवढी काढ."

भिंतीच्या ओलीनं आणि चुलीच्या धुरानं फोटोवर बुरशीचे काळे ठिपके पडले होते. गालांवर, पदरावर, हनुवटीवर. मी म्हटलं, आठ दिवसांनी या. तो एस.टी.च्या वेळेची चौकशी करत निघून गेला.

मी फ्रेम तशीच काचेसकट स्कॅनरवर ठेवली. सॉफ्टवेअरची एक मोठी सोय होती. स्कॅन थेट त्यांच्या ढगात, म्हणजे क्लाउडमध्ये, जायचा, आपल्या संगणकावर काही साठवायला नको. मग मी फोटो काचेपासून सोडवायला घेतला, कारण मूळ फोटोही नव्या फ्रेमेत घालून द्यावा असं मला वाटलं. चांगुलपणाची लहर होती.

"काच काढू नकोस," आमचे हे मागच्या खोलीतून म्हणाले. "ओलीनं कागद चिकटलेला आहे."

"मला शिकवू नका."

त्यांनी मला शिकवलं नाही. कागद वरून सुंदर सुटत आला, ओठांपर्यंत, आणि ओठांखाली फाटला. हनुवटी काचेला राहिली, पापुद्रे पापुद्रे होऊन. मी दोन्ही तुकडे पाकिटात घातले आणि मनाला सांगितलं, स्कॅन आहे ना.

मग मी संगणकासमोर बसले आणि ते बटण दाबलं.

बुरशी गेली. चेहरा असा स्वच्छ झाला की मी खुर्चीत मागे टेकून बसले. काही निसटलंय हे दिसलं नाही असं म्हणून सुटका करून घेता आली असती, पण ते खरं नाही. मी चेहरा नीट बघितला, आणि बघून म्हटलं, छान. एकाही खुणेचं नाव तोंडानं घेतलं नाही. मोठा प्रिंट काढला, ह्यांनी तो फ्रेमेत बसवला, काच आणि कागद यांच्यात पातळ पट्टी घालून अंतर ठेवून, म्हणजे पुन्हा चिकटू नये. माझ्याकडे बघून त्यांनी ती पट्टी जरा जास्तच सावकाश घातली.

आठव्या दिवशी म्हातारा आला. मी फ्रेम काउंटरवर उभी केली, कागद ओढून काढला, नाटकातला पडदा वर जातो तसा. मला असले प्रवेश आवडतात.

त्यानं फ्रेम उजेडाकडे वळवली. मग मला म्हणाला, "ही कोण?"

"तुमचीच बायको. साफ केली."

"हिचं गोंदण कुठं गेलं?"

मी फोटोकडे बघितलं. हनुवटी कोऱ्या बशीसारखी चकचकीत होती. त्या बाईच्या हनुवटीवर गोंदणाचे ठिपके होते, बुरशीच्या ठिपक्यांत मिसळलेले, आणि त्या महागड्या भाड्याच्या बटणानं सगळ्यांना एकाच झाडूनं लोटलं होतं. त्याच्या हिशेबी सगळी घाणच.

"ते मशीननं काढलं, बाबा," मी म्हटलं.

"मशीनला कसं कळेल? आमच्या बायका गोंदतात हे तुला तर माहीत होतं ना." आवाज चढला नव्हता. "आमच्यात मेल्यावर काही बरोबर जात नाही. पाटल्या काढून घेतात, लुगडं जळतं. गोंदण तेवढं जातं. तिकडं ओळखायचं कशावरून? ही बोडकी बाई मांडवात ठेवली तर तिच्या माहेरचे विचारतील, कुणाचा दिवस घालतोस."

मी सासऱ्यांचं नाव मनात घेतलं आणि जे घडलं ते सगळं त्याला सांगितलं, काचेला चिकटलेली हनुवटीसुद्धा. फ्रेम त्यानं माझ्याकडेच ढकलली. "आठवडा आहे," म्हणाला आणि पिशवी घडी करून काखेत मारून निघून गेला.

आता मला माझा मूळ स्कॅन हवा होता. तो ढगात होता. मी दार ठोठावलं तर ढगानं मला आत घेतलं नाही. फुकटचे महिने संपले होते, ह्यांच्या कार्डाची मुदतही संपली होती, त्यामुळे माझी वर्गणी तुटली होती. माझेच फोटो मला बोटाच्या नखाएवढे दिसत होते, तेही त्यांच्या शिक्क्यासकट. उतरवून घ्यायचे असतील तर आधी पैसे.

मी एजंटला फोन केला.

"मॅडम, रिन्यू करा ना. सगळं परत मिळेल."

"बटण दाबायच्या आधीचा फोटो मिळेल?"

"सगळं मिळेल. हिस्ट्री असते."

मी पैसे भरले. एका म्हाताऱ्याच्या शब्दापुढे माझा तोरा कितीसा टिकणार होता. ढगाचं दार उघडलं, माझा फोटो मोठा झाला, आणि हिस्ट्रीत एकच ओळ होती: सध्याची प्रत. बोडकी बाई. मी पुन्हा फोन लावला. एजंटनं खालचं बारीक अक्षर वाचून दाखवलं, बहुधा तोही पहिल्यांदाच वाचत होता. वर्गणी तुटली की जुन्या प्रती पुसल्या जातात.

"मग मी पैसे कशाचे भरले?"

"पुढच्या महिन्याचे, मॅडम."

त्या माणसाचा मला राग आला नाही, हे मुद्दाम सांगते. राग येण्यासाठी समोर कुणीतरी असावं लागतं. मी वर्गणी बंद करायला गेले. तिथे आणखी एक नाटक होतं. पडद्यावर एक रडवेलं चित्र आलं आणि विचारलं, तुम्ही खरंच जाणार का. मी हो म्हटलं. मग विचारलं, आमचं काय चुकलं. मी लिहायला घेतलं तर जागा दोन ओळींची. मग म्हणाले, अर्ध्या दरात राहा. मग म्हणाले, निदान एक महिना विश्रांती घ्या. माहेरी निघालेल्या बाईलासुद्धा कुणी इतकं थांबवत नाही. पाचव्या पानावर कोपऱ्यात करड्या रंगात बारीक लिहिलेलं सापडलं, तरीही जायचं आहे. ते दाबलं आणि मला इतकं हलकं वाटलं की मी ह्यांना चहा करून दिला. तो त्यांनी संशयानं प्यायला.

आता माझ्याकडे काय होतं ते मांडलं. फाटलेला मूळ फोटो: कपाळ, डोळे, नाक, ओठ, सगळं शाबूत, बुरशीसकट. ढगातून उतरवलेली बोडकी प्रत, तिची हनुवटी आकारानं बरोबर, फक्त कोरी. आणि काचेवरचे पापुद्रे, ज्यावरून देवालाही काही कळलं नसतं. वरचा चेहरा मूळचा घ्यायचा, खालची हनुवटी बोडकीची घ्यायची, जोडायची, बुरशी हातानं काढायची आणि गोंदण हातानं परत घालायचं. त्यासाठी मला एक ब्रश हवा होता. साधा. माझा.

मोबाइलवर फुकटचं एक मिळालं. त्यानं चेहरा उघडताच न विचारता ओठ लाल केले आणि डोळे हरणासारखे. मेलेल्या बाईला मी तिथून लगबगीनं बाहेर काढलं. दुसरं इंटरनेटवरच चालणारं होतं, काम चांगलं करायचं, पण आमच्याकडे दुपारी वीज गेली की नेटही जातं आणि मग ते केलेलं काम गिळून गप्प बसायचं. ढग तो ढगच. तिसरं मला तलासरीच्या एका झेरॉक्सवाल्यानं सांगितलं. "बेन, ए मफत छे," तो म्हणाला, "पण दिसायला भिकार आहे." जगातल्या कुठल्या कुठल्या लोकांनी आपल्या मोकळ्या वेळात बनवलेलं, कुणाच्या मालकीचं नसलेलं. एकदा संगणकात उतरवलं की आपलं.

दिसायला ते खरंच भिकार होतं. सगळी हत्यारं अशी पसरलेली की जणू सुताराच्या दुकानात कुणी पेटी पालथी केली आहे. जे जिथे असायला हवं ते तिथे नाही. पहिला दिवस मी त्याला शिव्या घालण्यात घालवला आणि त्यानं एकदाही मला विचारलं नाही की आमचं काय चुकलं. ते मला आवडलं. दुसऱ्या दिवशी मला त्यात ब्रश सापडला. मी चेहऱ्यावर गेले आणि दुकान रिकामं बघून मोठ्यानं म्हणायला लागले. ही बुरशी. ही बुरशी. ही सुरकुती, राहू दे. हा नाकावरचा व्रण, राहू दे. मागच्या खोलीतला हातोडा थांबला.

"कुणाशी बोलतेस?" ह्यांनी विचारलं.

"तुमच्या वडिलांशी."

हातोडा पुन्हा सुरू झाला, जरा हळू.

तिसऱ्या दिवशी हनुवटीवर आले आणि पेन्सिल खाली ठेवायची वेळ आली. ठिपके किती आणि कुठे, मला माहीत नव्हतं. मी म्हाताऱ्याच्या पुतण्याकडे निरोप धाडला. म्हातारा दुसऱ्या दिवशी सकाळी आला. बरोबर एक म्हातारी होती, काटक, डोळ्यांत खट्याळपणा. बाकाच्या मधोमध बसली आणि दुकानाची पाहणी करू लागली. ती त्याची मेव्हणी, वारलेल्या बाईची धाकटी बहीण.

"ठिपके किती होते, बाबा?" मी विचारलं.

तो विचारात पडला. बोटं हनुवटीवर ठेवून बघितली, जणू त्याच्याच हनुवटीवर होते. "चार असतील. पाच असतील. मी कधी मोजले नाहीत, बाय. मी तोंड बघितलं."

"चाळीस वर्षं बघितलं म्हणे," मेव्हणी म्हणाली. "बैलाच्या अंगावरचे पट्टे विचार, घडाघडा सांगेल."

"बैल हरवतात," तो म्हणाला.

"ती नव्हती हरवत काय? दर वर्षी दिवाळीला माहेरी येऊन बसायची, तू न्यायला यायचास."

ती माझ्याकडे वळली आणि आपली हनुवटी पुढे काढली. तिच्या हनुवटीवर हिरवट निळे पाच ठिपके होते. चार बाजूंना चार, मधोमध एक. "आम्ही दोघी एकाच दिवशी गोंदलं. जत्रेत. एकाच बाईकडून, एकाच सुयांनी. ही घे, माझ्यावरून कर. पण माझी हनुवटी फुकट नाही देणार. माझापण फोटो काढायचा, मोठा, असाच. माझ्या वेळी ह्याला धावायला नको."

मी तिला खिडकीपाशी बसवलं आणि हनुवटीचा जवळून फोटो घेतला. तो उघडला, एकेक ठिपका मापून त्या भिकार सॉफ्टवेअरमध्ये तिच्या बहिणीच्या हनुवटीवर आणायला लागले. दोघं माझ्या खांद्यामागे उभी होती. वरचा ठिपका. "असाच," मेव्हणी म्हणाली. डावा. "जरा खाली. तिची हनुवटी लांब होती, आईवर गेली होती." मी खाली घेतला. उजवा. खालचा. सगळे जरा पुसट, कडा पसरलेल्या, जुन्या गोंदणाच्या असतात तशा. मग मी पाचवा आणून मध्ये ठेवला.

"तो नव्हता," ती म्हणाली.

मी हात थांबवला.

"मधला शेवटी काढतात. चार होईपर्यंत ती रडली, पाचव्याला उठून पळाली. पूर्ण जत्राभर आमचा बाप तिच्या मागे. मी लहान, मी बसून राहिले, माझे पाच झाले. तिचे चारच."

"पण मी बघितलाय मधला," म्हातारा म्हणाला. "लग्नकार्यात असायचा. ह्या फोटोच्या दिवशीपण होता."

"काजळाचा. चारचौघांत जायचं असलं की लावायची. चाळीस वर्षं तुला फसवलं."

म्हातारा हसला नाही, आधी त्यानं ते नीट समजून घेतलं. मग त्याचे खांदे हलायला लागले, आवाज न करता, आणि तो बाकावर जाऊन बसला आणि डोळे पुसत हसत राहिला. "मोजायला पाहिजे होते," एवढंच म्हणाला.

आता माझा प्रश्न होता. फोटो काढला तेव्हा हनुवटीवर पाच दिसत होते. मूळ फोटोला धरून चालायचं तर पाच. मी विचारलं, चार ठेवू की पाच.

मेव्हणीनं माझ्याकडे असं बघितलं की सासऱ्यांनंतर तसं माझ्याकडे कुणी बघितलं नव्हतं. "काजळ धुतलं की जातं. ते तिकडं कसं पोचेल? खरं तेवढं ठेव."

मी पाचवा ठिपका पुसला. एक बटण, मागे जा. ते त्या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्येही होतं, आणि त्यासाठी कुणी माझं कार्ड मागितलं नाही.

तिच्या दिवसाच्या सकाळी मी स्वतः फ्रेम घेऊन पाड्यावर गेले. ह्यांनी स्कूटर चालवली, मी मागे फ्रेम पोटाशी धरून बसले. मांडव आंब्याच्या डहाळ्यांचा होता. माहेरची माणसं एका बाजूला बसली होती. म्हाताऱ्यानं फ्रेम पाटावर उभी केली. कुणी काही विचारलं नाही. एक बाई वाकून जवळ गेली, हनुवटी बघितली, आणि रडायला लागली. म्हणजे ओळख पटली.

ओवाळून झालं, कुंकू लावून झालं. सगळ्यांत शेवटी मेव्हणी उठली. तिनं कनवटीची डबी काढली, करंगळी काजळात बुडवली आणि चार ठिपक्यांच्या मधोमध, काचेवर, एक ठिपका ठेवला. काच आणि कागद यांच्यात पट्टीएवढं अंतर होतं, त्यामुळे बाजूनं बघितलं की तो ठिपका चेहऱ्यापासून जरासा सुटा दिसायचा, आणि समोरून बघितलं की बरोबर जागेवर.

"चारचौघं आलेत," ती बहिणीला म्हणाली आणि बोट लुगड्याला पुसून जेवायला बसली.